डोंगरावरून पाहिलेलं स्थळ

माझं सासर मुरुडच्या बाजूला. तिकडची जमीन काळी आणि पाटासारखी सपाट. उंचावर चढायचं म्हणजे माळवदावर, मिरच्या वाळत घालायला. त्यामुळे लेकीची सोयरीक ठरवायला डोंगर चढावा लागेल असं कळलं तेव्हा मी मालकांना विचारलं, पोरगा डोंगरावर राहतो की काय. मालक म्हणाले, पोरगा खालीच राहतो, पण त्या खोऱ्याची तशी रीत आहे.

खोरं अहमदपूरच्या पुढं, नांदेडच्या हद्दीला लागून. गावाचं नाव सांगत नाही. लेक अजून तिथंच नांदते आणि माझ्या जिभेला ती आधीच भिऊन असते.

रीत अशी होती. पुरुषांनी खाली पारावर बसून देणंघेणं, मानपान, बस्ता, काय बोलायचं ते बोलावं. पण त्या बोलण्याला कोणी सोयरीक म्हणत नव्हतं. मुलीची आई आणि मुलाची आई, दोघींनीच डोंगर चढायचा. वर महादेवाचं देऊळ. तिथं उभं राहून मुलाच्या आईनं बोटानं रान दाखवायचं, हे आमचं, ते दिराचं, ती विहीर अमक्याची. देवाच्या दारात दुसऱ्याच्या रानावर बोट ठेवायचं नाही. मुलीच्या आईच्या मनास आलं तर तिनं नारळ फोडायचा, मग मुलाच्या आईनं घंटा वाजवायची. घंटा खाली गावात ऐकू येते. ती वाजली की पारावर साखर वाटायची. मनास आलं नाही तर नारळ तसाच ओटीत घेऊन उतरायचं. कारण कोणी विचारत नाही. जेवू घालतात आणि वाटेला लावतात.

मला ही रीत आवडली. आमच्याकडं मुलीच्या आईला चुलीपुढून हाक मारून सांगतात की अमक्या दिवशी लगीन आहे, पुरणाचं बघा.

आम्ही लिंगायत. आमच्यांत नाती लांबलांब जुळतात. माझं माहेर देगलूरकडं, मला दिली मुरुडला. तेव्हा लेक लांब जाते म्हणून मला काही वाटत नव्हतं. वाटत होतं ते पाण्याचं.

लातूर जिल्हा होऊन तीनचार वर्षं झाली होती आणि पावसानं पुन्हा पाठ फिरवली होती. त्याआधीचा मोठा दुष्काळ बहात्तरचा. त्या साली मी खडी फोडायला जात होते आणि कामावरून आल्यावर पाण्याला. लेक लहान होती. तिच्या हातात डालड्याचा रिकामा डबा द्यायची. मी हंडा भरायची, ती डबा भरायची, आणि वाटेत निम्मा सांडून घरी आल्यावर मार खायची. तिच्या लक्षात तेवढंच राहिलं. चांगली मोठी झाली, लग्नाची बोलणी सुरू झाली, तेव्हा तिनं एकच गोष्ट सांगितली. ती मला अव्वा म्हणते, आमच्या देगलूरकडची सवय.

"अव्वा, काळा असू दे, घर बारकं असू दे, सासू तुझ्यासारखी असली तरी चालंल. पण हंडा घेऊन मैलभर जायचं घर मला नको."

मी हो म्हणाले. मुलीला तोंडावर हो म्हणायचं आणि मागं दुसरं करायचं, असं मला जमत नाही.

तिला पाहायला मुलाचा बाप आणि चुलता आले. मुलगा आला नाही. बैलांपाशी कोणी नाही म्हणाले. मी पाण्याचं विचारलं तर बाप हसला. आमची ईर आटलेली कोणी बघितली न्हाई, म्हणाला. आणि आता तर जिल्हा झालाय. त्या काळात माणसं जिल्हा झालाय हे असं म्हणायची की जणू आभाळ भरून आलंय. रस्ता येणार, नळ येणार, तलाव येणार, सगळं जिल्ह्यामुळं. मालकांना हे बोलणं पटायचं. ते स्वतःही चावडीवर तसंच बोलायचे.

फाल्गुनात आम्ही दोघं गेलो. अहमदपूरपर्यंत यष्टी, पुढं त्यांची बैलगाडी. वाटेनं पळस फुलले होते आणि बाकी सगळं वाळलेलं. त्यांच्या दारात शरणार्थ म्हणत हात जोडून झाले, पाय धुवायला तांब्या आला. तांब्यात पाणी बोटभर. मला वाटलं, सुनेच्या हातून सांडलं असेल. मग कळलं, घरात सूनच नाही, म्हणून तर आम्ही आलो होतो.

मी प्यायला पाणी मागितलं. ताक आलं. ताक कसलं, दहीच म्हणा, भाकरीला लावून खावं असं. थोड्या वेळानं पुन्हा मागितलं. चहा आला. मालकांनी बशीत ओतला, एक घोट घेतला आणि माझ्याकडं बघून मान डोलावली. निव्वळ दुधाचा चहा. पाण्याचा थेंब नाही, असं त्यांनी मोठ्यानं कौतुक केलं. मुलाच्या बापानं जमिनीकडं बघितलं. मला वाटलं, माणूस लाजाळू आहे.

मुलगा कुठं आहे विचारलं तर रानात. आज तरी यायचं होतं, मी म्हणाले. बाप म्हणाला, त्याला कामाचा लई नाद.

दिवस चांगला वर आल्यावर आम्ही दोघी निघालो. मुलाची आई माझ्याहून थोराड, अंगानं भरलेली, कपाळाला भस्माचे पट्टे आणि नाकात नथ नाही तर चमकी, चांगली मोठी. तिच्या हातात देवाच्या अभिषेकाचा तांब्या, वर फडकं बांधलेलं. माझ्या ओटीत नारळ. पायऱ्या वगैरे काही नाही. मुरमाची घसरती वाट आणि दोन्ही बाजूला सीताफळीची वाळकी झुडपं. चपला घातल्या तर पाय घसरतो, काढल्या तर खडे टोचतात. मी काढून हातात घेतल्या.

खाली होतो तोवर बाई जोरात बोलत होती. माझा ल्योक लाखात एक हाय, म्हणाली. पहिलं वळण लागलं तेव्हा तो हजारात एक झाला. मधे एक सपाट धोंडा आहे, चढणारे तिथं बसतात, तिथं पोचल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "गावात बरा हाय." पुढचा चढ उभाच होता. हातानं मुळं धरून चढावं लागलं. तो संपल्यावर मीच विचारलं, "आता पोरगा कसा हाय?"

"हाय आपला," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो. हसायला श्वास पुरत नव्हता तरी हसलो.

तिथून पुढं ती मला आवडायला लागली. दम लागलेल्या माणसाला फार मोठं बोलता येत नाही. गुडघे तिचेही गेलेले, माझेही जाण्याच्या वाटेवर. एकीनं वर चढून दुसरीला हात द्यायचा, मग दुसरीनं बूड खालून लोटायचं. कोणी बघायला नव्हतं म्हणून बरं. वाटेत एक शेळी आडवी उभी होती, ती बाजूला होईना. बाई तिला म्हणाली, सरक गं, तुझं लगीन न्हाई आज.

वर पोचलो. देऊळ एवढंसं, दगडी, दारात नंदी. त्याची पाठ लोकांनी टेकून टेकून गुळगुळीत केलेली. मीही टेकले. वारा असा होता की पदर धरून ठेवावा लागत होता. सगळ्या अंगाचा घाम एका क्षणात वाळला.

मग मी खाली बघितलं. मी उगाच कशाला चांगलं म्हणत नाही, पण ते चांगलं होतं. एवढं लांबपर्यंत मी जन्मात कधी बघितलं नव्हतं. आमच्याकडं नजर पुढच्या बांधापर्यंत जाते आणि बाभळीला अडकते. इथं अख्खं खोरं एका ताटात वाढल्यासारखं. मधून नदी, पाणी नाही, नुसती पांढरी वाळू, धुतलेलं धोतर वाळत घालावं तशी. दोन्ही काठांना रानं, कुठं भुरकी, कुठं तांबूस, कुठं ज्वारीच्या धसकटांची पिवळी. गावाची माळवदं एकमेकांना चिकटलेली. त्यांवर कुणाच्या पापड्या, कुणाचं धुणं. लांबच्या सडकेनं यष्टी चाललेली, ती दिसत नव्हती, तिचा फुफाटाच दिसत होता. पळसाची झाडं अधूनमधून अशी लाल की कुणी कुंकवाची बोटं पुसलीत. बाईनं दाखवलं, नदीच्या अलीकडं लातूर, पलीकडच्या डोंगरामागं नांदेड. आदी आम्ही उस्मानाबादेत हुतो, म्हणाली, आता लातुरात आलो, घर हाय तिथंच हाय.

आणि त्या सगळ्या भुरक्यात एक हिरवा तुकडा. चौकोनी, गच्च हिरवा.

"ते आमचं," ती म्हणाली. बोट सरळ त्या हिरव्यावर. "ते हिरवं दिसून राहिलं न्हवं, ते. कडवळ हाय. अन् त्याच्या कडंला ती ईर."

माझ्या मनातला दगड उतरला. फाल्गुनात चारा एवढा हिरवा म्हणजे विहिरीला पाणी आहे. पोरीला सांगायला तोंड राहिलं. मी ओटीतून नारळ काढला, शेंडी सोलायला लागले. शेंडी सोलता सोलता माणूस काय करणार, खाली बघत होते. तर नदीच्या वाळूतून एक माणूस मुंगळ्यासारखा वर येत होता. खांद्यावर कावड, दोन्ही टोकांना डबे. तो थेट हिरव्या तुकड्यापाशी गेला, डबे ओतले आणि पुन्हा नदीकडं वळला.

"त्यो कोण?"

"गडी असंल."

"एवढ्या उन्हात? तुमच्याकडचे गडी लई राबतात."

ती पदर सावरायला लागली. मी शेंडी सोलायची थांबवली. आता नजर विहिरीवर लागली. विहिरीचं तोंड वरून काळं दिसत होतं. तिच्यावर कोणी नव्हतं. पाण्याच्या विहिरीला वाट पडलेली असते, बाया येत जात असतात, दुपार असली तरी एखादी धुणं घेऊन बसलेली असते. इथं वाट होती पण तिच्यावर गवत वाळलेलं. आणि खाली नदीत, वाळूच्या मधोमध, रंगीबेरंगी ठिपक्यांची ओळ. झिरे खणले होते. वाळूत खड्डा करायचा, पाणी पाझरायची वाट बघायची आणि वाटीनं हंडा भरायचा. ते काम मला कुणी समजावून सांगायला नको होतं.

"बाई, त्या ईरीवर एकबी बाई न्हाई," मी म्हणाले.

"जेवणाची येळ हाय. घरी गेल्या असतील."

"मग त्या वाळूत काय फुगडी खेळून राहिल्यात?"

ती देवळाच्या उंबऱ्यावर बसली. आत महादेव, बाहेर ती. फडकं बांधलेला तांब्या तिनं मांडीवर घेतला. मग म्हणाली, "बोट खोटं न्हाई माझं. रान आमचंच हाय."

"पाणी?"

"ईर संक्रांतीलाच आटली."

पुढचं तिनं सगळं सांगितलं. विहिरीत जे उरलंसुरलं पाणी होतं ते तिच्या मालकानं घरी वापरू दिलं नाही, डोंगराकडच्या बाजूच्या तुकड्यात घातलं. का, तर वरून तोच दिसतो. पाहुणे येणार, रान वाळलेलं दिसलं तर मुलगी कोण देणार. मग विहीर आटली आणि कडवळ तर उभं झालेलं. आता ते वाळलं तर केलेलं सगळं फुकट. म्हणून नदीच्या झिऱ्याचं पाणी कावडीनं आणून घालायचं. आज आम्ही वर येणार म्हणून सकाळपासून. उन्हानं पानं खाली पडतात, मान टाकतात, वरून पिवळं दिसतं. घरात पाहुण्याला द्यायला पाणी नव्हतं म्हणून शेजाऱ्यांकडून दूध मागून आणलेलं, आणि दुधाला पाणी घालायला पाणी नाही म्हणून चहा तसा.

एक हिरवा तुकडा दाखवायला घर तहानलेलं ठेवायचं, हे डोकं फक्त मुलाच्या बापाचं असू शकतं. मी तसं म्हणाले.

"मी बी तेच म्हणले," ती म्हणाली. "ल्योकबी म्हणला, खरं सांगा. पण आमचे मालक म्हंजी."

"अन् त्यो कावडवाला?"

तिनं खाली बघितलं. तो पुन्हा वर येत होता. "त्योच. माझा ल्योक."

म्हणजे बैलांपाशी कोणी नाही म्हणून मुलगी पाहायला न आलेला, कामाचा नाद असलेला, तो हा. मी अर्धा सोललेला नारळ पुन्हा ओटीत घातला. लेकीनं एकच गोष्ट मागितली होती आणि नेमकी तीच या घरात नव्हती. इथं बोलायला काही उरलं नव्हतं. उतरायचं, जेवायचं, गाडीत बसायचं.

पण एक विचारायचं राहिलं होतं ते विचारलं. "घरचं पाणी कोण आणतंय? तुमचे गुडघे तर हे असे."

"त्योच."

"कोण त्योच? पोरगा?"

"हाव. तीन महिने झाले. बायांच्या रांगंत उभा राहतो वाटी घेऊन. गावातले पोरं हसतात, बायको आली म्हंजी तिचं लुगडं नेस म्हणतात. त्यो म्हणतो, हसा, तुमच्या आया वाहून राहिल्यात."

मी पुन्हा खाली बघितलं. आमच्याकडं कुणी गडी रानाला पाणी वाहील, बैलाला वाहील, पण घरच्या पिण्याचं पाणी बायांच्या रांगेत उभं राहून आणणारा मी बघितला नव्हता. माझे मालक बहात्तर साली मी हंडा घेऊन आले की विचारायचे, एवढा उशीर?

"लगीन झाल्यावरबी आणील?"

"ते मी सांगू शकत न्हाई," ती म्हणाली. "आज खोटं बोलायचं झालं तेवढं झालं. त्याला इचारा."

हे बोलणं मला आवडलं. पण घसा इतका कोरडा पडला होता की पुढं बोलवत नव्हतं. मी तिला म्हणाले, देवाला घोटभर कमी पडलं तरी रागवणार नाही, तो तांब्या इकडं द्या. तिनं फडकं सोडलं. आत दूध, आणि उन्हानं फाटलेलं. गोळे झालेले. दोघींनी त्या तांब्यात बघितलं. अभिषेकालासुद्धा पाणी नव्हतं घरात.

मग मी नारळ काढला आणि नंदीच्या पुढच्या दगडावर आपटला. एका घावात फुटला. पाणी करवंटीत धरलं, निम्मं मी प्यायले, निम्मं तिला दिलं. तिनं ते संपवलं, तोंड पुसलं आणि उठून घंटेकडं हात नेला.

"थांबा," मी म्हणाले. "ह्यो तहानंचा नारळ हाय."

"असं कुठं असतंय? फुटला म्हंजी फुटला."

"तुमच्याकडं बिनपाण्याचा चहा असतोय. माझ्याकडं तहानंचा नारळ असतोय."

आता तिच्यापुढं मोठा पेच. त्या डोंगरावर नारळ फुटला आणि घंटा वाजली नाही असं कधी झालेलं नव्हतं. घंटा वाजवावी तर मी नको म्हणते, न वाजवावी तर फुटका नारळ घेऊन खाली काय सांगायचं. मी म्हणाले, गावाकडं उतरायचंच नाही. नदीच्या बाजूनं उतरू, आधी तुमच्या पोराला गाठू.

त्या बाजूला वाट नाही. आम्ही बसून घसरत उतरलो. चढताना दम लागतो, उतरताना लाज जाते. वाळक्या काट्याकुट्यांनी लुगडी फाटली, बाईची एक चपल दरीत गेली ती अजून तिथंच असेल. मधेच ती म्हणाली, नवरीकडच्यांना असं नेल्याचं कळलं तर मालक मला ठेवायचे न्हाईत. मी म्हणाले, मग या आमच्याकडं मुरुडला, तिकडं सपाट हाय.

तो कडवळाच्या कडेला उभा होता. डोंगरावरून दोन बाया घसरत येताना बघून कावड खांद्यावरच राहिली त्याच्या. आई जवळ जाऊन म्हणाली, ह्या त्या. बस, एवढंच. तो मान खाली घालून उभा राहिला.

मी गोल बोलत नाही. "वरून सगळं बघितलं," मी म्हणाले. "रानाचं मला काही न्हाई. माझी पोरगी डोक्यावर पाणी आणणार न्हाई. तिला तसा शब्द दिलाय. बोला."

त्यानं खांद्यावरची कावड सावरली. मग म्हणाला, "म्या कुठं म्हणलो तिनं आणावं म्हून? म्याच आणून राहिलो. लगीन झालं म्हून खांदा जातोय का कुठं?"

मी काही म्हणायच्या आत त्यानं कावड खाली ठेवली, एक डबा उचलला आणि विचारलं, "पाणी पिता का, मावशी? वाळूतलं हाय. गोड हाय."

त्या घरात शिरल्यापासून मला पाणी विचारणारा तो पहिला. मी ओंजळ धरली, तो ओतत राहिला. मी पोट भरेपर्यंत प्यायले. मग तोंडावर मारलं, मग मानेवर. त्याच्या आईनंही ओंजळ धरली. कडवळाला जायचा डबा आम्ही दोघींनी संपवला आणि दुसऱ्याला हात घातला. पाणी खरंच गोड होतं.

"हे कडवळ आजच कापा अन् जनावरांपुढं टाका," मी त्याला सांगितलं. "आता ह्याला एक डबाबी घालायचा न्हाई. घरच्यांना पाणी पाजा."

बाईनं माझ्याकडं बघितलं. "म्हंजी?"

"म्हंजी काय. वाजवा घंटा, ईनबाई."

ईनबाई म्हटल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण लगेच ती डोंगराकडं बघायला लागली. घंटा वर. आम्ही खाली. तिच्या पायात एकच चपल. माझ्या गुडघ्यांनी तर मघाच हात टेकले होते.

"म्या वाजवू?" पोरगा म्हणाला.

"येडा हायस का? नवरदेवानं सोताच्या लग्नाची घंटा वाजवायची रीत न्हाई."

"सासूला शेतात उभं करून पाणी पाजायचीबी रीत न्हाई," मी म्हणाले. "पाजलं ना? जाऊ द्या त्याला."

तो गेला. ज्या डोंगरानं आमचा निम्मा दिवस खाल्ला तो त्यानं शेळीसारखा चढला. आम्ही दोघी बांधावर बसून फुटक्या नारळाचं खोबरं खात बघत होतो. वर जाऊन त्यानं घंटा अशी बडवली की खोऱ्यात सगळीकडं घुमली. झिऱ्यावरच्या बाया उभ्या राहून बघायला लागल्या. रीतीप्रमाणं एकदोन टोल द्यायचे असतात, हा थांबेचना.

खाली पारावर साखर वाटली गेली. पुरुषांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, मालकांच्या तोंडात साखर भरली. आणि घंटा अजून वाजतेच आहे तोवर आम्ही दोघी नदीच्या बाजूनं, ओल्या पदरानं, फाटक्या लुगड्यांनी, गावात शिरलो. सगळे आमच्याकडं बघतात, मग डोंगराकडं बघतात.

मालक साखर चघळत म्हणाले, "मग वर कोण हाय?"

"जावई," मी म्हणाले.

मुलाच्या बापानं एकदा वर बघितलं, एकदा बायकोच्या ओल्या पदराकडं. त्याला सगळं कळलं. त्यानं उठून मला वाट करून दिली. गावातली पोरं पुढं कित्येक वर्षं जावयाला चिडवायची, सोताचं लगीन सोताच ठरवून घेतलं म्हणून. कुणाच्या सोयरिकीची बोलणी निघाली की त्याला विचारायची, घंटा तू वाजवणार का त्यो वाजवंल.

मालकांना मी परतीच्या गाडीत सांगितलं. चहाचं ऐकल्यावर ते अहमदपूरपर्यंत रागात होते. फसवलं म्हणाले. लातूरच्या स्टँडवर चहा घेतला, त्यात चांगलं पाणी होतं, तेव्हा त्यांना हसू फुटलं ते घरापर्यंत थांबलं नाही.

लेक दारातच उभी होती. "अव्वा, पाणी हाय?"

"ईर कोरडी. नदी लांब. पण तू आणायचं न्हाईस, त्यो आणतो."

मी तिला सगळं सांगितलं, तिच्या सासऱ्याच्या कडवळासकट. नको म्हणायचं असेल तर अजून म्हण, मी घंटेचं बघून घेईन, असंही सांगितलं. तिनं नदी किती लांब आहे विचारलं. वाट चढाची आहे का विचारलं. कावड खांद्यावरची की डोक्यावरची विचारलं. मग बराच वेळ ज्वारी निवडत बसली. शेवटी म्हणाली, "दिसायला कसा हाय?"

आता काय सांगू. डोंगरावरून मुंगळ्याएवढा दिसला. खाली गेल्यावर मान खाली घालून उभा, डोक्याला मुंडासं, आणि मी पाणी पीत होते. "उंच हाय," मी म्हणाले. "डबा उंचावरून ओतत हुता."

लग्नात अक्षता पडल्या, माणसं जेवायला वळली, तेव्हा लेकीनं मला जवळ ओढलं आणि कानात म्हणाली, "अव्वा, ह्यांचे कान केवढे मोठे हायत. तू सांगितलं न्हाईस."

मी बघितलं. खरंच मोठे होते. मुंडाशात झाकलेले होते, मला कुठून दिसणार.

तिनं नंतर पाणी वाहिलंच नाही असं नाही. एकदा त्याचा खांदा धरला होता, तेव्हा महिनाभर तिनं वाहिलं आणि मला निरोप पाठवून चार शब्द सुनावले. पुढं पाझर तलाव झाला, बऱ्या सालाला विहिरीला पाणी असतं. आता दारात नळ आहे. आठवड्यातून एकदा येतो, तेव्हा जावई अंगणात डबे मांडतो आणि लेक ओट्यावर बसून त्याला सांगते, तो आधी भरा, ह्याचं झाकण कुठं गेलं. डोंगरावर सिमेंटची सडक झाली, माणसं गाडीनं वर जातात, फोटो काढतात. मागच्या खेपेला मलाही जीपमधून वर नेलं. खोरं तसंच दिसतं, घरं वाढलीत. घंटेला हात लावायला गेले तर लेक म्हणाली, अव्वा, नको वाजवू, खाली घरोघर लगीनाची पोरं हायत, उगाच साखर वाटतील.